रॉक गाण्यावरचा ऑनलाइन स्लॉट गेम: नवख्यांसाठी पहिल्या पायरीपासून

स्वीडनच्या ‘युरोप’ या बँडचं ‘द फायनल काउंटडाउन’ १९८६ साली आलं आणि २५ देशांत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. बँडचा गायक जोई टेम्पेस्ट याने ती सुरुवातीची की-बोर्डची धून त्याच्या काही वर्षं आधीच बांधून ठेवली होती, आणि गाणं केलं ते कार्यक्रमाची सुरुवात दणक्यात व्हावी म्हणून. पृथ्वी सोडून शुक्राकडे निघालेल्या माणसांचं ते गाणं. २०२० साली सिडनीच्या ‘बिग टाइम गेमिंग’ कंपनीने त्याच गाण्यावर, त्याच नावाचा ऑनलाइन स्लॉट गेम काढला, म्हणजे पैसे लावून फिरत्या चित्रांवर नशीब आजमावायचा खेळ.

हा लेख अशा गेमकडे पहिल्यांदाच वळणाऱ्यांसाठी आहे. गाणं आवडतं म्हणून गेम उघडून बघावासा वाटला, तर त्यात गैर काही नाही. पण गाणं ओळखीचं असलं की त्याच्या आतलं यंत्रही ओळखीचं वाटायला लागतं, आणि नवखा माणूस नेमका तिथे गाफील राहतो. म्हणून माझा आग्रह एवढाच, की आधी यंत्र समजून घ्या, गाण्याकडे नंतर वळा. पायऱ्याही त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: आपण कुठे बसलो आहोत ते बघा

तुम्ही महाराष्ट्रात, गोव्यात किंवा भारतात कुठेही असाल, तर पैसे लावून ऑनलाइन स्लॉट खेळण्याचा विषय इथेच संपतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायचा कुठलाही ऑनलाइन गेम, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, लोकांना उपलब्ध करून द्यायला त्यात बंदी आहे. गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. बँकांनी आणि पेमेंट कंपन्यांनी असे व्यवहार पुढे न्यायचे नाहीत, हेही त्यात आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. पण याचा अर्थ ‘आपलं काही बिघडत नाही’ असा कुणी घेऊ नये. भारतात तुमच्याकडून पैसे घेणारी साइट बेकायदाच चाललेली असते. तिने पैसे बुडवले तर दाद मागायला समोर कुणी उरत नाही.

गोव्याचं उदाहरण बरेच जण देतात. तिथे १९७६च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन ठेवायला परवानगी मिळाली. मांडवीतल्या कॅसिनो बोटी त्यानंतरच्या. पण ती सगळी प्रत्यक्ष जागेवर जाऊन खेळायची मशीन. एखाद्या बोटीचं नाव आणि फोटो लावून कुणी मोबाइलवर लिंक पाठवली, तर तिचा त्या परवान्याशी काही संबंध नाही. महाराष्ट्रातही १९७६ साली एक कॅसिनो कायदा झाला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्दच केला.

मग भारतात बसून या गेमचं करायचं काय? डेमो. पैसे न लावता, पैसे न जिंकता चालणारा नमुना. गेम बनवणाऱ्या कंपन्या आपल्या स्वतःच्या साइटवर बरेचदा तो ठेवतात. डेमो बघायचा तर तिथेच बघा. ‘फुकट खेळा’ म्हणून बोलावणाऱ्या भलत्या साइटवर त्याच पानावर तीन-चार बेकायदा कॅसिनोंची बटणं चिकटवलेली असतात, आणि अंगठा चुकून कुठे पडेल सांगता येत नाही.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी चित्र देशागणिक वेगळं आहे. ब्रिटनमध्ये आणि स्वीडनमध्ये परवानाधारक साइटवर १८ वर्षांवरील व्यक्तीला खेळता येतं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने एप्रिल २०२२ मध्ये खासगी कंपन्यांना परवाने दिले. तिथे वय १९. अमेरिकेत न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशा मोजक्याच राज्यांत ऑनलाइन स्लॉटना परवानगी आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये नाही. आणि ऑस्ट्रेलिया, जिथे हा गेम बनला, तिथे २००१च्या कायद्यानुसार देशातल्या लोकांना पैसे लावायचे ऑनलाइन कॅसिनो गेम पुरवता येत नाहीत. बहुतेक आखाती देशांत जुगार हा गुन्हा आहे. तिथे राहणाऱ्यांनी व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) वगैरे लावून प्रयोग करू नयेत.

दुसरी पायरी: एक स्पिन सावकाश बघा

स्लॉटचं पडद्यावरचं रूप जुन्या मशीनवरून आलेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तीन फिरत्या रिळांचं ‘लिबर्टी बेल’ यंत्र बनवलं. दांडा ओढा, रिळं फिरतील, तीन घंटा एका रांगेत आल्या की बक्षीस. तेव्हा रिळावर जेवढी चिन्हं, तेवढेच चान्स. डोळ्यांनी मोजता यायचे. १९८४ साली इंगे टेल्नेस नावाच्या संशोधकाला एक पेटंट मिळालं आणि तो हिशोबच मोडला. निकाल आधी कॉम्प्युटर ठरवणार आणि रिळं तो फक्त दाखवणार. दिसायला प्रत्येक चिन्ह सारखंच, पण एखादं चिन्ह येण्याची शक्यता कितीही कमी ठेवता येते.

आजचा ऑनलाइन स्लॉट याच तत्त्वावर चालतो. तुम्ही बटण दाबता, त्याच क्षणी एक प्रोग्राम यादृच्छिक आकडा उचलतो आणि निकाल लागतो. पुढचे दोन-तीन सेकंद जे दिसतं ते चित्र आहे. पहिलं रीळ थांबतं, त्यावर बोनसचं चिन्ह. दुसरं थांबतं, तिथेही. आता तिसरं रीळ उगाच जास्त वेळ फिरतं, भोवतीची चौकट चमकायला लागते, ड्रम चढत जातो, की-बोर्डचे सूर एकेक पट्टी वर सरकतात. चिन्ह खाली येतं, येतं, आणि एका घराने चुकतं. श्वास सुटतो. ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटतं. प्रत्यक्षात काही हुकलेलं नसतं. बटण दाबलं तेव्हाच तो स्पिन हरलेला होता. शेवटच्या रिळावर ते चिन्ह मुळात पहिल्या रिळांपेक्षा कमी ठेवलेलं असू शकतं, त्यामुळे ही हुरहुर वारंवार येते.

यातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. रिळं फिरताना ‘थांबवा’ बटण दाबून निकाल बदलत नाही. आणि मागचे वीस स्पिन कोरडे गेले म्हणून एकविसावा ‘द्यायला’ आलेला नसतो. यंत्राला मागचं काही आठवत नाही.

तिसरी पायरी: माहितीचं पान शेवटपर्यंत वाचा

पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजी ‘i’ अक्षर किंवा तीन आडव्या रेघा असतात. बहुतेक लोक तिथे जात नाहीत. नवख्याने पहिली दहा मिनिटं तिथेच घालवावीत असं माझं मत आहे.

तिथे चार प्रकारची माहिती मिळते. कुठल्या चिन्हाला किती पैसे, ते पेटेबलमध्ये. वाइल्ड म्हणजे पत्त्यांतल्या जोकरसारखं, दुसऱ्या चिन्हाच्या जागी चालणारं. स्कॅटर म्हणजे कुठेही पडलं तरी मोजलं जाणारं, बहुधा बोनस राउंडमधले फ्री स्पिन, म्हणजे वेगळे पैसे न लावता मिळणारे स्पिन, उघडणारं. आणि जिंकण्याच्या रेषा. ‘नेटएन्ट’ या स्वीडिश कंपनीने २०१६ मध्ये ‘गन्स एन रोझेस’ बँडवर गेम काढला, त्याची मांडणी शिकायला सोपी आहे: पाच रिळं, तीन ओळी, २० ठरलेल्या रेषा. एका रेषेवर डावीकडून सलग सारखी चिन्हं आली की पैसे. नव्या गेममध्ये रेषांऐवजी ‘वेज’, म्हणजे वाटा, असतात. सहा रिळं आणि प्रत्येकावर चार चिन्हं असतील तर चाराचा सहावा घात, म्हणजे ४,०९६ वाटा. बिग टाइम गेमिंगनेच आणलेल्या ‘मेगावेज’ पद्धतीत रिळावर सात-सात चिन्हं येऊ शकतात, त्यामुळे आकडा १,१७,६४९ पर्यंत जातो. आकडा ऐकून डोळे दिपतात. पण वाटा वाढल्या की प्रत्येक वाटेवरचं बक्षीस त्या प्रमाणात घटवलेलं असतं. वाटा किती यावरून गेम उदार आहे की नाही ते मुळीच कळत नाही.

ते कळतं ते एकाच आकड्यावरून, आणि तो बहुधा सगळ्यात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असतो.

चौथी पायरी: आरटीपी नावाचा आकडा

आरटीपी म्हणजे लावलेल्या एकूण पैशांपैकी किती टक्के गेम दीर्घकाळात परत देतो ते. ९६ टक्के लिहिलं असेल तर शंभरातले चार कॅसिनोचे. ‘दीर्घकाळ’ म्हणजे लाखो-कोट्यवधी स्पिन, सगळ्या खेळणाऱ्यांचे मिळून. तुमच्या एका संध्याकाळी ९६ येतील असं नाही. शून्यही येईल, तीनशेही येतील. पण तुम्ही जितके जास्त स्पिन कराल तितके त्या आकड्याकडे ओढले जाल.

चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून हिशोब मांडून बघू. लंडनमध्ये बसलेला कुणी एका स्पिनला एक पौंड लावतो आणि मिनिटाला दहा स्पिन करतो. तासाला ६०० स्पिन, म्हणजे ६०० पौंड यंत्रातून फिरले. त्याच्या खिशात सुरुवातीला ६० पौंडच असतील, पण तेच पैसे जिंकून-हरून पुन्हा पुन्हा लागतात. सहाशेचे चार टक्के म्हणजे २४ पौंड. तासाभराची सरासरी किंमत ही. गाणं ऐकण्यासाठी तासाला २४ पौंड, असं म्हणून बघा, मग आकड्याचं वजन कळतं.

आता खरी मेख. एकाच गेमच्या अनेक आवृत्त्या असतात. तेच गाणं, तीच चित्रं, पण एका साइटवर ९६ टक्के तर दुसऱ्या साइटवर ९४ किंवा ९२. गेम बनवणारी कंपनी कॅसिनोला पर्याय देते आणि कॅसिनो निवडतो. वरच्याच हिशोबात ९२ टक्क्यांना तासाला ४८ पौंड जातात, बरोबर दुप्पट. बाहेरून ओळखायला काहीही मार्ग नाही. म्हणून परीक्षणात वाचलेल्या आकड्यावर विसंबू नका, ज्या साइटवर खेळणार तिथल्याच गेमच्या माहितीच्या पानावरचा आकडा बघा. ९५च्या खाली असेल तर मी तरी ते पान तिथेच बंद करायला सांगेन.

याच्या जोडीला चढउतार हा दुसरा गुण बघायचा. गेममध्ये ‘व्होलॅटिलिटी’ म्हणून लिहिलेला असतो. समजा शंभरातले जे ९६ परत येतात, त्यातले ३५ फक्त बोनस राउंडमधून येतात. म्हणजे बोनस लागला नाही तोवर गेम तुम्हाला शंभरातले ६१च देतोय. गाण्यांवरचे बरेच गेम असे चढ्या जातीचे असतात. लांबच लांब कोरडा पट्टा, मग एकदम गडगडाट. थोडे पैसे घेऊन बसणारा माणूस त्या गडगडाटाआधीच रिकामा होतो.

पाचवी पायरी: गाणं इथे काय काम करतं ते ऐका

मला या सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते इथे, कारण रॉकवर प्रेम करणारा माणूस इथे सगळ्यात हळवा असतो.

रॉक आणि स्लॉट यांचं नातं जुनं आहे. ‘मोटरहेड’ या रॉक बँडचा गायक लेमी याला स्लॉट मशीनचा नाद होता. त्याच्या बँडच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात पत्ते आणि फासे आहेत. त्याचं कारण त्याने स्वतः सांगून ठेवलंय की फिरणाऱ्या फळांच्या चित्रांवर गाणं काही गाता येत नाही. २०१५च्या डिसेंबरात तो गेला आणि पुढच्याच वर्षी नेटएन्टने मोटरहेडवर स्लॉट काढला. त्याच वर्षी गन्स एन रोझेस आणि जिमी हेंड्रिक्सवरचेही आले. पुढे स्टॉकहोमच्या ‘इव्होल्यूशन’ कंपनीने २०२० मध्ये नेटएन्ट आणि २०२१ मध्ये बिग टाइम गेमिंग विकत घेतली. म्हणजे स्वीडिश गाण्यावरचा ऑस्ट्रेलियन गेम शेवटी स्वीडिश मालकाकडे गेला.

गाणं गेममध्ये आणायला दोन हक्क लागतात: रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. त्यावर पैसा खर्च होतो, आणि तो खर्च करण्यामागे ठाम कारण असतं. हजारो गेमच्या गर्दीत ओळखीची धून माणसाला थांबवते. चाळीस-पन्नाशीतल्या माणसाला कॉलेजचे दिवस आठवतात, कॅसेट आठवते, आणि विश्वास आपोआप बसतो. तो विश्वास गाण्यावरचा असतो. यंत्राने तो कमावलेला नसतो.

गेम उघडलात की गाण्याची मांडणी लक्ष देऊन ऐका. साध्या स्पिनच्या वेळी बहुधा नुसता ठेका किंवा धूनेचा एखादा तुकडा घोळवत ठेवलेला असतो. मुखडा, ज्यासाठी आपण आलो, तो बोनस राउंडसाठी राखून ठेवतात. म्हणजे तुमचं आवडतं गाणं पूर्ण ऐकू येणं हेच बक्षीस होऊन बसतं, आणि ते मिळेपर्यंत माणूस स्पिन दाबत राहतो. इतकं परिणामकारक आमिष साध्या फळांच्या चित्रांकडे नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त घातक. एक पौंड लावला आणि ४० पेन्स परत आले, तर तुम्ही ६० पेन्स हरलात. पण पडदा चमकतो, गिटार वाजते, आकडा मोठा होत जातो. मेंदू ‘जिंकलो’ अशी नोंद करतो. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने २०२१च्या ऑक्टोबरपासून अशा खोट्या जल्लोषाला मनाई केली. लावले त्यापेक्षा कमी किंवा तेवढेच परत आले तर गाजावाजा करायचा नाही. त्याच नियमांत आपोआप स्पिन होत राहण्याची सोय बंद झाली, आणि एका स्पिनला कमीत कमी अडीच सेकंद लागलेच पाहिजेत असं ठरलं. जिथे असे नियम नाहीत तिथे जल्लोष चालूच आहे.

आणि तिसरी. खरं गाणं संपतं. ‘द फायनल काउंटडाउन’ अल्बमवर पाच मिनिटांच्या आसपास आहे; ते संपल्यावर क्षणभर शांतता होते, माणूस उठतो, पाणी पितो. गेममधलं गाणं संपत नाही. तुकडा घोळत राहतो, त्याला सम नाही, शेवट नाही. उठण्याचा नैसर्गिक क्षणच त्यातून काढून घेतलेला आहे.

सहावी पायरी: डेमोवर दोन प्रयोग

पहिला प्रयोग: डेमोमध्ये शंभर स्पिन आवाज चालू ठेवून करा. मग आवाज पूर्ण बंद करून शंभर. दोन्ही वेळा कागदावर तीनच गोष्टी लिहा: सुरुवातीची रक्कम, शेवटची रक्कम, आणि मध्ये किती वेळा ‘जिंकलो’ असं वाटलं. मग गेमच्या इतिहासाच्या पानावर जाऊन लावलेल्यापेक्षा जास्त परत आलेले स्पिन किती होते ते मोजा. वाटलेले आणि खरे, हे दोन आकडे शेजारी ठेवले की गाण्याचं काम दिसायला लागतं. आवाज बंद असताना तोच गेम अनेकांना काही मिनिटांत कंटाळवाणा वाटतो.

दुसरा प्रयोग: गेमचा आवाज बंद ठेवा आणि मूळ गाणं दुसऱ्या फोनवर लावा, पूर्ण. गाणं संपलं की गेम बंद, मध्ये कितीही रंगात आला असला तरी. पाच मिनिटांत मिनिटाला दहा याप्रमाणे पन्नास स्पिन होतात. पैसे लावायला कायद्याने मुभा असलेल्या देशात, २० पेन्सच्या डावाने, हे दहा पौंडांचं फिरवणं झालं आणि ९६ टक्क्यांना त्याची सरासरी किंमत ४० पेन्स. माझ्या मते या गेमची मजा घ्यायची शहाणी पद्धत हीच आहे.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी एक सूचना: तिथे डेमोसाठीसुद्धा २०१९ पासून वय पडताळलं जातं. ओळखपत्र मागितलं म्हणून बिचकू नका. उलट, न मागणाऱ्या साइटपासून दूर राहा.

सातवी पायरी: परवानगी असलेल्या देशात पैसे लावणारच असाल तर

साइटच्या तळाशी परवाना क्रमांक असतो. तो तिथे वाचून थांबू नका, नियामकाच्या स्वतःच्या साइटवर जाऊन शोधा: ब्रिटनमध्ये गॅम्बलिंग कमिशन, स्वीडनमध्ये स्पेलइन्स्पेक्शोनेन, ओंटारियोत अल्कोहोल अँड गेमिंग कमिशन (एजीसीओ). नाव आणि वेब पत्ता दोन्ही जुळले पाहिजेत.

पैसे भरण्याआधी मर्यादा लावा. आठवड्याला किती भरायचे, किती हरले की थांबायचं, किती वेळ बसायचं. हे हरायला लागल्यावर ठरवता येत नाही. ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डने जुगार खेळायला २०२० पासून बंदी आहे, आणि २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटच्या एका स्पिनवर पाच पौंडांची कमाल मर्यादा आहे. १८ ते २४ वयाच्या खेळाडूंना दोनच पौंड. कायद्याची मर्यादा ही तुमची मर्यादा नव्हे. पाच पौंडांच्या डावाने तासाभरात सरासरी १२० पौंड जातात, वरच्याच गणिताने.

स्वागताचा बोनस शक्यतो नाकारा. ‘२० युरो मोफत’ याच्या खाली ‘३५ पट खेळणे आवश्यक’ असं असेल, तर पैसे काढण्याआधी ७०० युरो फिरवावे लागतात. त्यांचे चार टक्के म्हणजे २८. वीस मिळवण्यासाठी सरासरी अठ्ठावीस द्यायचे.

काही गेममध्ये बोनस राउंड थेट विकत घेण्याचं बटण असतं. ही पद्धतही बिग टाइम गेमिंगनेच २०१७ मध्ये रूढ केली. एका दाबात डावाच्या शंभर पट रक्कम जाऊ शकते. नवख्याने त्याला हात लावू नये. ब्रिटनमध्ये नियामकाने ते बंदच करायला लावलं.

भारतातल्यांनी फसवणूक कशी ओळखायची

बंदीनंतर लिंका थांबलेल्या नाहीत. त्या टेलिग्रामवर येतात, रील्सच्या खाली येतात, कधी ओळखीच्या गाण्याची धून मागे लावूनही. खुणा ठरलेल्या आहेत. ॲप प्ले स्टोअरवर नसतं, एपीके फाइल (स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये टाकायचं ॲप) उतरवायला सांगतात. पैसे कंपनीच्या खात्यात न जाता दरवेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर जातात. सुरुवातीला पाचशे जिंकवून लगेच खात्यात जमा करतात, मग मोठी रक्कम अडकली की ‘काढण्यासाठी आधी कर भरा’ असा मेसेज. तो कर भरू नका. गेलेल्या पैशांमागे आणखी पैसे जातात.

आणखी एक धोका: ‘तुमचं खातं वापरू द्या, कमिशन देतो’ ही मागणी. कॉलेजातली मुलं याला बळी पडतात. तुमच्या खात्यातून दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचा पैसा फिरला, की खातं गोठतं आणि पोलिसांचा पहिला फोन तुम्हालाच येतो.

पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितका पैसा वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. बँकेलाही त्याच वेळी कळवा. व्यवहाराचे स्क्रीनशॉट, यूपीआय क्रमांक, चॅट, काहीही पुसू नका. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणं सगळ्यात महागात पडतं.

थांबता येत नसेल तर

रात्री घरचे झोपल्यावर गेम उघडणं, गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा बसणं, रकमेबद्दल घरी खोटं सांगणं, उसने घेणं. यातलं एखादं जरी होत असेल तरी पुढचा स्पिन करण्याआधी कुणाशी तरी बोला. हा चारित्र्याचा दोष नाही, उपचार होतात.

भारतात टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या व्यसनासाठी वेगळं क्लिनिक आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय. घरच्यांनी आधी एकट्याने जाऊन विचारलं तरी चालतं. ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’वर एकदा नाव नोंदवलं की सगळ्या परवानाधारक साइट तुमच्यासाठी बंद होतात, स्वीडनमध्ये तेच काम ‘स्पेलपाउस’ करतं. ब्रिटनची हेल्पलाइन ०८०८ ८०२० १३३, फुकट आणि चोवीस तास.

घरातल्या दुसऱ्या कुणाचं असं होत असेल, तर कर्ज फेडून टाकायची घाई करू नका. मोकळ्या झालेल्या खात्यात पैसे आले की ते बहुधा परत तिथेच जातात. आधी त्याच्या संमतीने बँकेचं ॲप आणि कार्ड काही महिने दुसऱ्याच्या हाती द्या, गेमच्या साइट फोनवर अडवा, वर दिलेल्यांपैकी एका क्रमांकावर दोघांनी मिळून फोन करा. मग देण्याघेण्याची यादी घेऊन बसा.